हॅन्डहेल्ड कन्सोल भिजला तर: पहिल्या मिनिटापासून पावसाळ्यातल्या साठवणीपर्यंत

नुसत्या पाण्याने हातात धरून खेळायचा गेम कन्सोल क्वचितच मरतो. आतला बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली सर्किटची पाटी, ओला असताना त्यातून वीज वाहिली की तो मरतो. त्यातून वाचलाच, तर पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार आणि साखर पुढच्या काही दिवसांत त्याला खातात. म्हणून क्रम असा: आधी वीज तोडायची, मग घाण धुवायची आणि वाळवायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आधी वाळवतात, मग चालू करून बघतात आणि धुणं राहूनच जातं. कन्सोल चालू झाला म्हणून घरात आनंदीआनंद होतो आणि तीन आठवड्यांनी तो चार्ज होणं बंद होतं.

इथे उदाहरणाला २०१७ सालचा मूळ निन्टेन्डो स्विच घेतला आहे. स्टीम डेक, पीएसपी किंवा गेम बॉयमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आत नेमकं काय होतं

स्विचची बॅटरी ३.७ व्होल्टची, ४३१० एमएएच क्षमतेची. कन्सोल बंद केला तरी ती बोर्डला जोडलेलीच असते, आणि पॉवर बटणाच्या व चार्जिंगच्या भागात थोडा व्होल्टेज कायम असतो. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे ते वीज वाहून नेतं. मग धन बाजूचं तांबं विरघळून ऋण बाजूकडे सरकतं आणि तिथे बारीक धाग्यासारखं साचतं. यूएसबी-सी पोर्टच्या दोन पिनांच्या मध्यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे शॉर्ट व्हायला एवढा धागा पुरतो. बोर्डवर दिसणारं हिरवट-निळसर किटण म्हणजे तांब्याचे क्षार. पांढरी पूड दिसली तर ती पाण्यातल्या क्षारांची असते किंवा सोल्डरमधल्या धातूची.

बॅटरी सुटली की ही क्रिया एकदम मंदावते. ओला पण बॅटरी काढलेला बोर्ड दिवसभर राहिला तरी बहुधा वाचतो. बॅटरी जोडलेली असेल तर तेवढंच नुकसान व्हायला तासभरही पुरतो.

पहिली पाच मिनिटं

चार्जर लावलेला असेल तर कोरड्या हाताने आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग केबल काढा.

स्क्रीन काळी झाली म्हणजे स्विच बंद झाला असं समजू नका. पॉवर बटण एकदा दाबलं की तो फक्त झोपतो आणि आतला बोर्ड जागाच असतो. बटण ३ सेकंद धरून ठेवा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा आणि टर्न ऑफ निवडा. टचस्क्रीन ओली होऊन मेन्यू भलतीकडेच उड्या मारत असेल तर त्या नादाला लागू नका. बटण १२ सेकंदांहून जास्त दाबून धरा, कन्सोल सक्तीने बंद होतो.

पीएसपी किंवा गेम बॉय असेल तर बटणांकडे न बघता थेट बॅटरी काढा.

नंतर दोन्ही जॉय-कॉन (बाजूंना बसणारे सुटे कंट्रोलर), गेम कार्ड आणि मायक्रोएसडी कार्ड काढून बाजूला ठेवा. प्रत्येक जॉय-कॉनमध्ये ५२५ एमएएचची स्वतःची बॅटरी असते. तेही भिजले असतील तर त्यांनाही हेच सगळे उपचार लागतात, आणि हे हमखास विसरलं जातं.

कन्सोल झटकू नका. झटकल्याने पाणी बाहेर येण्याऐवजी धातूच्या शील्डखाली आणि स्क्रीनच्या थरांत शिरतं. सुती कपड्याने टिपा, आणि ज्या बाजूने पाणी शिरलं ती बाजू खाली ठेवा. चालू होतंय का ते बघायचं नाही, चार्जर लावायचा नाही, बटणंही दाबायची नाहीत.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सोडून द्या. तांदूळ चिपखालचं पाणी ओढून घेत नाहीत आणि क्षार तर मुळीच काढत नाहीत. वर त्यांची पिठूळ धूळ पोर्टमध्ये जाते आणि ओलाव्यात तिची खळ होते. मुख्य तोटा म्हणजे त्या दोन दिवसांत बॅटरी जोडलेलीच राहते. हेअर ड्रायरही नको. त्याच्या झोताने पाणी आणखी आत ढकललं जातं, स्क्रीनचा गोंद सुटतो आणि लिथियम बॅटरी तापते. कडक उन्हात ठेवलं तरी स्क्रीनला आणि बॅटरीला तोच धोका.

काय सांडलं, त्यावर पुढचं ठरतं

पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी त्यातल्या त्यात सौम्य. बोअरवेलचं जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं.

चहा आणि कोल्ड्रिंक वाईट, कारण साखर वाळली की बटणांखालचे रबरी पॅड चिकटतात आणि ती साखर दमट हवेत पुन्हा पाणी शोषून घेते. दुधाच्या चहात स्निग्धांशही येतो.

समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते वीज फार चांगलं वाहतं. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर कन्सोल खाऱ्या पाण्यात पडला, तर घरी परतेपर्यंत थांबू नका. स्क्रूड्रायव्हर मिळेल तिथे तो उघडून बॅटरी सोडवा.

अशा खाऱ्या किंवा साखरेच्या पाण्यात भिजलेल्या बोर्डाला आधी डिस्टिल्ड पाण्याचीच अंघोळ लागते. अनेक जण थेट अल्कोहोल ओततात, पण मीठ आणि साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाहीत, ती पाण्यातच विरघळतात. अल्कोहोलचं काम त्यानंतरचं: पाण्यात पूर्ण मिसळून त्याला चिपखालून बाहेर काढणं आणि स्वतः पटकन उडून जाणं.

सामान

आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के, अर्धा लिटर. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाण्याचाच असतो, ती चालणार नाही. हॅन्ड सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर प्लास्टिक खातात. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे बोर्डवर थर ठेवून जातात. यातलं काहीही वापरू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत हे अल्कोहोल विचारा. तिथे त्याला आयपीए म्हणतात.

डिस्टिल्ड पाणी एक लिटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथे बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

वाय००, म्हणजे तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर, आणि बारीक फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा, शक्यतो जपानी मापाचा जेआयएस ०००. साधा फिलिप्स या जपानी स्क्रूंत नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. याशिवाय प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारचं पिक, चिमटा, मऊ टूथब्रश, कॉटन बड, मल्टीमीटर आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टची छोटी ट्यूब.

आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. आपल्याकडे खोलीत ती वाफ कायम तयार होणार. स्वयंपाकघरात हे काम करू नका, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली असू द्या, खिडक्या उघड्या ठेवा.

उघडणं

कागदावर कन्सोलची मागची बाजू रेखाटा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. सगळ्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो खालच्या भागात घुसतो.

मागच्या कव्हरचे चार कोपऱ्यांतले स्क्रू वाय०० चे आहेत. बाकीचे फिलिप्स: वरच्या कडेला, खालच्या कडेला, दोन्ही बाजूंच्या जॉय-कॉनच्या पट्टीत मध्यभागी, आणि एक अगदी छोटा किकस्टँडच्या (कन्सोल उभा करायच्या मागच्या पायाच्या) मागे मायक्रोएसडीच्या खाचेत. शेवटचा राहिला की कव्हर निघत नाही आणि लोक ते ओढून तोडतात. स्टीम डेकला मागे आठ फिलिप्स स्क्रू असतात. तिथे मायक्रोएसडी कार्ड आधी काढलंच पाहिजे, नाहीतर कव्हर उघडताना ते मधोमध तुटतं.

कव्हराखाली पत्र्याचं शील्ड दिसेल. मायक्रोएसडीचा छोटा बोर्ड सोडवून शील्डचे सहा स्क्रू काढा. शील्ड आणि हीट पाइपच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीच्या) मध्ये गुलाबीसर चिकट पेस्ट असते, ती ओढली जाईल. घाबरू नका, ती नंतर पुन्हा बसते.

आता बॅटरीचा कनेक्टर. प्लास्टिकच्या पट्टीने तो सरळ वर उचला, धातूचं काही वापरू नका. इथपर्यंत आलात की सगळ्यात मोठा धोका टळला. रात्र झाली असेल तर बाकीचं काम सकाळी केलं तरी चालेल, फक्त पाणी खारं असेल तर थांबू नका.

बॅटरी गोंदाने घट्ट बसवलेली असते. भिजलेली नसेल तर ती तिथेच राहू द्या. काढायचीच झाली तर कडेने अल्कोहोलचे दोन-चार थेंब सोडा, काही मिनिटं थांबा आणि प्लास्टिकने हळूहळू सोडवा. ती वाकवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. फुगलेली, गोड वास येणारी किंवा भोक पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. मोकळ्या जागी फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, घराच्या कचऱ्यात टाकू नका.

धुणं

बोर्ड बाहेर काढण्याआधी फोटो काढा. चपट्या केबलींचे कनेक्टर दोन प्रकारचे असतात. काहींना बारीक झडप असते, ती नखाने उभी केल्याशिवाय केबल ओढायची नाही. काही मात्र सरळ वर उचलून निघतात. घाईत सर्वाधिक नुकसान इथेच होतं आणि पाण्यावर त्याचं खापर फुटतं.

पंखा, स्पीकर, स्क्रीन आणि बॅटरी द्रवात बुडवायची नाहीत. बुडवायचा तो फक्त बोर्ड. प्रोसेसरवरचं पत्र्याचं झाकण काढा, कारण त्याखाली पाणी अडून राहतं.

खारं किंवा साखरेचं पाणी गेलं असेल तर पसरट ताटलीत बोर्ड बुडेल एवढं डिस्टिल्ड पाणी घ्या, पाच मिनिटं ठेवा, टूथब्रशने सगळीकडे हलक्या हाताने घासा, पाणी फेकून द्या आणि हेच आणखी एकदा करा. चहा असेल तर पाणी कोमट घ्या. साधं पाणी गेलं असेल तर ही पायरी गाळून थेट अल्कोहोलकडे जा.

अल्कोहोल साधारण पाव लिटर घ्या. दहा मिनिटं बोर्ड बुडवून ठेवा आणि मधूनमधून ताटली हलवा, म्हणजे चिपखालचं पाणी सुटेल. मग टूथब्रशने एकाच दिशेने घासा. यूएसबी-सी पोर्ट, गेम कार्डचा कनेक्टर, बॅटरीचा कनेक्टर आणि त्यांच्या आसपासच्या चौकोनी चिप यांवर वेळ घालवा. ब्रशचे केस अडकून एखादा तिळाएवढा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) निघून येऊ शकतो, म्हणून जोर लावू नका. किटण जुनं असेल तर कॉटन बड अल्कोहोलमध्ये भिजवून तिथेच गोल फिरवा, कापूस हिरवा निघणं थांबेपर्यंत. शेवटी ताज्या अल्कोहोलने एकदा खळबळा, कारण पहिल्या अल्कोहोलमध्ये आता पाणी आणि घाण आहे.

दुरुस्तीच्या दुकानांत अल्ट्रासॉनिक टाकी असते आणि चिपखालची घाण तीच सर्वांत चांगली काढते. मात्र कन्सोलमधल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला ती कंपनं इजा करू शकतात. जॉय-कॉनमध्येही असे सेन्सर आहेत. देताना हे दुकानदाराला सांगा.

जॉय-कॉनच्या रबरी पॅडखालचे काळे ठिपके कार्बनचे असतात. ते घासू नका, नुसते टिपा.

वाळवणं आणि तपासणी

बोर्ड उभा ठेवून साध्या पंख्याच्या वाऱ्यात २४ तास. जुलैतल्या दमट हवेत ४८ धरा, किंवा एसीच्या खोलीत ठेवा, तिथली हवा कोरडी असते.

जोडण्याआधी मल्टीमीटर. बॅटरीचे व्होल्ट मोजा. ३ ते ४.२ च्या मध्ये असले तर ठीक. २.५ च्या खाली गेलेली बॅटरी चार्ज करून जिवंत करायच्या फंदात पडू नका. मग बॅटरी न जोडता बोर्डवरच्या बॅटरी कनेक्टरची धन आणि ऋण टोकं मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर, तपासा. क्षणभर बीप होऊन थांबला तर तो कपॅसिटर भरल्याचा आवाज. बीप थांबतच नसेल तर बोर्डवर शॉर्ट आहे. तेव्हा बॅटरी जोडू नका, इथून पुढचं काम सोल्डरिंग येणाऱ्याचं.

सगळं ठीक असेल तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. धुतल्यावर जुनीचा भरवसा नसतो, आणि पेस्टशिवाय प्रोसेसर काही मिनिटांत तापून कन्सोल बंद पडतो. कव्हर लावायच्या आधी बॅटरी, स्क्रीन आणि पंखा जोडून चालू करा.

चार्जिंग बघायला यूएसबी-सी मीटर मध्ये लावा. मूळ ॲडॉप्टरवर चांगला स्विच ५ व्होल्टवरून १५ व्होल्टपर्यंत चढतो. तो ५ वरच अडकला तर संशय आधी पोर्टवर आणि मग एम९२टी३६ या चिपवर घ्या. चार्जिंगची बोलणी तीच करते आणि पोर्टजवळ असल्यामुळे पाण्याचा फटका तिला लवकर बसतो. चिप बदलता येते, पण गरम हवेचं स्टेशन आणि सरावलेला हात लागतो.

कन्सोल एकदा जरी चालू झाला तरी आधी सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, वाचवा. स्विचचे सेव्ह गेम कार्डवर नसतात आणि मायक्रोएसडीवरही नसतात, ते आतल्या मेमरीत असतात. मूळ स्विचमध्ये ती मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे, पण त्यातला मजकूर त्याच कन्सोलच्या किल्ल्यांनी बंद केलेला असतो, त्यामुळे ती दुसऱ्या स्विचमध्ये बसवून सेव्ह मिळत नाहीत. क्लाउडवर चढवा. काही गेम क्लाउड सेव्ह देत नाहीत, तिथे दुसऱ्या स्विचवर हलवा. घरात लहान मुलांचा दोन वर्षांचा खेळ त्यात असतो, आणि त्यांच्या लेखी कन्सोलपेक्षा त्याची किंमत जास्त असते.

स्क्रीनमागे ढगासारखे डाग उरले तर ते बॅकलाइटच्या थरांत वाळलेल्या पाण्याचे असतात. धुऊन ते जात नाहीत, स्क्रीनच बदलावी लागते.

सेलने केलेली ओल

गेम बॉय, गेम बॉय कलर, गेम बॉय ॲडव्हान्स यांत बाहेरून पाणी न जाताही हीच दुर्दशा होते. अल्कलाइन सेल आत विसरले की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि हवेत त्याची पांढरी पूड होते. हा अल्क आहे, म्हणून इथे आधी आम्ल: पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कॉटन बडवर घेऊन लावा, फसफसणं थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल. हातमोजे घाला, ती पूड डोळ्यात जाऊ देऊ नका. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. बोर्डापर्यंत पोहोचलं आहे का ते उघडूनच बघा, कारण हा अल्क तारेच्या आतून लांबवर चढतो.

गेम कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय असेल तर ती मोडा. फुंकरीतली थुंकी तांब्याच्या पट्ट्या गंजवते. चालत नसेल तर अल्कोहोलचा कॉटन बड फिरवा.

न भिजता सादळणारे कन्सोल

निन्टेन्डोने स्विचसाठी २० ते ८० टक्के आर्द्रता सांगितली आहे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवा त्याच्या वर सहज जाते.

एसीच्या खोलीतून बाहेर नेताना जास्त जपा. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २७ अंशांपेक्षा थंड प्रत्येक पृष्ठभागावर दव जमतं. २२ अंशांच्या खोलीतून काढलेला कन्सोल गॅलरीत आणला की आतल्या पत्र्यावरही पाणी धरतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. बंद पिशवीत घालून बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका.

साठवायला झाकणाला रबर असलेला पाच लिटरचा डबा, त्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. रंग बदलणारं जेल घेतलं तर बरं: नारिंगी जेल हिरवं झालं किंवा निळं गुलाबी झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. त्यासाठी खाण्याचं भांडं किंवा स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका.

डब्यात ठेवण्याआधी सुटे सेल काढा. लिथियम बॅटरीचा कन्सोल मात्र पूर्ण रिकामा ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा तरी बाहेर काढून चार्ज करा.